रक्ताचा अहवाल आणि सीटीचं चित्र



नागपूरच्या या व्यासपीठावरून आजवर साहित्यावर, इतिहासावर, शेतीवर बोललं गेलं. आज मी बोलणार आहे मूत्रपिंडाच्या एका अत्यंत दुर्मीळ कॅन्सरवर, आणि त्यातही तो सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये ओळखायचा कसा, यावर. हा विषय डॉक्टरांच्या परिषदेतला, इथे कशाला, असं काहींना वाटलं असेल. मी तो पूर्ण विचार करून निवडला आहे. हा आजार ओळखायला दोन गोष्टी लागतात. एक आम्हा रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर दिसते. दुसरी विदर्भातल्या हजारो घरांत, ट्रंकेच्या तळाशी, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे. ती म्हणजे सिकलसेल तपासणीचा अहवाल. या दोन कागदांची भेट झाली तरच निदान वेळेवर होतं, आणि ती भेट घडवून आणणं एकट्या डॉक्टरच्या हातात नाही.

आजाराचं नाव रीनल मेड्युलरी कार्सिनोमा. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला मेड्युला म्हणतात, तिथे उगवणारा हा कॅन्सर. तो होतो तरुणांना, कधी कधी शाळकरी मुलांना. आणि ज्यांना होतो ते जवळजवळ सगळे सिकलसेलचे वाहक असतात. म्हणजे ज्यांना आपण ‘एएस’ म्हणतो ते. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांत तो त्याहून कमी दिसतो.

इथे थांबतो आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं व्याख्यान कुणी धास्तीनं ऐकायला नको. या सभागृहात वाहक असतील, वाहकांचे आईवडील असतील. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार 20,000 ते 39,000 वाहकांमागे एखाद्याला हा कॅन्सर होतो. बाकीचे सगळे तुमच्या-माझ्यासारखं आयुष्य जगतात, शेती करतात, पोलीस भरतीत धावतात, म्हातारे होतात. आधीच एका अहवालापायी ठरलेली लग्नं मोडल्याचं आपण पाहिलं आहे, आणि त्याचा चटका मुलींनाच जास्त बसतो. माझ्या बोलण्यातून त्या भीतीत भर पडावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. मग मी बोलतोय कशासाठी? ज्या एखाद्याला हा आजार होतो त्याच्यापाशी वेळ फार थोडा असतो, आणि तो वेळ आज बहुतेकदा चुकीच्या नावांवर खर्च होतो, म्हणून.

हा आजार वेगळा आहे हे कळलं कधी? फार जुनी गोष्ट नाही. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सैन्यदलांची पॅथॉलॉजीची एक संस्था होती, आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी. देशभरातून, देशाबाहेरूनही, न उलगडलेल्या गाठींचे नमुने काचपट्ट्यांवर तिथे यायचे. चार्ल्स डेव्हिस, मोस्टोफी आणि सेस्टरहेन या तीन पॅथॉलॉजिस्टांनी 1995 मध्ये एक लेख छापला. 22 वर्षांत त्यांच्याकडे आलेले 33 रुग्ण त्यात होते. वय 11 ते 39. जवळपास सगळे कृष्णवर्णीय, जवळपास सगळे सिकलसेलचे वाहक. गाठ प्रत्येक वेळी मूत्रपिंडाच्या आतल्या भागात. शस्त्रक्रियेनंतरचं सरासरी आयुष्य 15 आठवडे. पंधरा आठवडे, श्रोतेहो. आपल्याकडे सोयाबीन पेरल्यापासून कापणीपर्यंत जेवढा काळ जातो तेवढा.

या लेखाला त्यांनी उपशीर्षक दिलं होतं: सिकलसेलचा सातवा मूत्रपिंडविकार. त्याआधीचे सहा वैद्यकाला ठाऊक होते. लघवीतून रक्त जाणं, मेड्युलाची टोकं मृत होऊन गळणं, लघवीतून प्रथिनं जाणं, मूत्रपिंडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं, जंतुसंसर्ग आणि लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होणं. या यादीत त्यांनी सातवा जोडला, आणि तो कॅन्सर होता.

मला या कथेतली एक गोष्ट विलक्षण वाटते. या गाठींच्या काचपट्ट्यांवर, पेशींच्या गर्दीत, विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी दिसतात. रुग्ण वाहक आहे हे अर्जावर कुणी लिहिलेलं नसलं तरी ऊतीमध्येच ते लिहिलेलं असतं. पाहणाऱ्यानं फक्त गाठीच्या पेशींवरून नजर हटवून शेजारच्या रक्ताकडे पाहायला हवं. या कॅन्सरची ओळख पहिल्यापासूनच गाठ आणि रक्त एकत्र पाहण्यातून पटत आली आहे.

आता प्रश्न असा की वाहकाला बाकी कुठे त्रास होत नाही, मग मूत्रपिंडातच का? वाहकाच्या लाल पेशीत निम्म्याहून कमी हिमोग्लोबिन ‘एस’ असतं. एवढ्यानं पेशी एरवी विळ्यासारखी वाकत नाही. ती वाकायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि भोवताली क्षारांचं प्रमाण भरपूर. आपल्या शरीरात या तिन्ही गोष्टी रोज, चोवीस तास, एकत्र असतात त्या मूत्रपिंडाच्या मेड्युलात. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. पण त्यातलं बहुतेक बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, फिरतं. आत मेड्युलात पोहोचतं ते जेमतेम दहा टक्के. बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब 50 मिलिमीटरच्या आसपास असेल तर आत तो 10 ते 20 इतकाच. लघवी घट्ट करायची तर आतला भाग असा खारट आणि कोंदट ठेवावाच लागतो, ती मूत्रपिंडाची गरज आहे. वाहकाच्या लाल पेशी त्या बारीक केशवाहिन्यांत शिरल्या की तिथे वाकतात, अडकतात. वर्षानुवर्षं हे चालतं. बहुतेकांत याचा परिणाम एवढाच की लघवी पुरेशी घट्ट होत नाही, रात्री एकदा जास्त उठावं लागतं. काहींना कधीतरी लघवीतून रक्त जातं आणि आपोआप थांबतं.

फारच थोड्यांत मात्र त्या कोंदटपणात वाढणाऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत तूट होते. बाविसाव्या गुणसूत्रावर एसएमएआरसीबी1 नावाचं एक जनुक आहे. पेशीला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी ते एक. ते दोन्ही प्रतींतून बाद झालं की पेशी बेफाम वाढू लागते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी या दोन गोष्टींचा संबंध मांडला आहे: मेड्युलातली प्राणवायूची टंचाई आणि खारटपणा, आणि त्या विशिष्ट जागी डीएनएचं तुटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात या कॅन्सरची व्याख्याच या जनुकाच्या अभावावर बेतलेली आहे.

एवढं समजून घेतलं की चित्र वाचणं सोपं होतं. गाठ कुठे आहे, एवढ्याच प्रश्नानं आमचं निम्मं काम होतं.

मूत्रपिंडाचा नेहमीचा कॅन्सर, ज्याला आम्ही क्लिअर सेल म्हणतो, तो मूत्रपिंडाच्या कॅन्सरांपैकी सुमारे 70 ते 75 टक्के. तो सहसा पन्नाशी-साठीतल्या माणसाला होतो. तो उगवतो बाहेरच्या थरात, चेंडूसारखा गोल वाढतो आणि मूत्रपिंडाची कड बाहेर ढकलतो. शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं की तो झगझगीत उजळतो, कारण त्यात रक्तवाहिन्या भरपूर. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीतही तो सापडतो. आमच्या शास्त्रात मूत्रपिंडाच्या गाठींच्या दोन घडणी सांगतात: एक चेंडूची, दुसरी घेवड्याच्या दाण्याची. दुसऱ्या घडणीत गाठ मूत्रपिंडाच्या आकारालाच धरून आत आत झिरपते. मूत्रपिंड मोठं दिसतं, सुजल्यासारखं दिसतं, पण त्याचा घेवड्याचा आकार शाबूत राहतो. कड कुठेच फुगलेली नसते. मेड्युलरी कार्सिनोमा या दुसऱ्या घडणीचा.

म्हणजे पडद्यावर काय दिसतं? मूत्रपिंडाच्या मध्यावर एक वेडावाकडा, कडा न सापडणारा भाग. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो आजूबाजूच्या ऊतीपेक्षा फिका राहतो, कारण यात रक्तपुरवठा कमी आणि आत सडलेले, रक्त साकळलेले भाग जास्त. बाहेरच्या थरात कधी छोट्या उपगाठी. मागच्या बाजूला, महाधमनीच्या कडेनं, सुजलेल्या लसिकाग्रंथी. निदान होतं तेव्हा बहुतेकांत तो मूत्रपिंडाबाहेर पोहोचलेला असतो. आणि एक खूण, जी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो: कॅलिसेस फुगलेले, पण पेल्व्हिस फुगलेली नाही. मूत्रपिंडात लघवी आधी छोट्या पेल्यांत, म्हणजे कॅलिसेसमध्ये, जमते आणि तिथून मधल्या पेल्व्हिसमध्ये उतरते. खाली मूत्रनलिकेत खडा अडकला तर पेल्व्हिसही फुगते आणि कॅलिसेसही. पण गाठ पेल्व्हिसला चहूबाजूंनी आवळून बसली तर पेल्व्हिस फुगू शकत नाही, वरचे पेले तेवढे फुगतात. ही खूण दिसली की समजावं, अडथळा वाहिनीच्या आत नाही, तो बाहेरून कवटाळून बसला आहे.

चित्र काढण्याच्या वेळेचाही फार मोठा वाटा आहे. कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात बाहेरचा थर उजळतो आणि मेड्युला काळी राहते. निरोगी माणसातही तसंच असतं. अशा चित्रात मेड्युलातली छोटी गाठ काळ्यात काळी लपून जाते. दीड-दोन मिनिटांनी सगळं मूत्रपिंड एकसारखं उजळतं, तेव्हा ती उघडी पडते. म्हणून त्या उशिराच्या टप्प्यातलं चित्र काढलंच पाहिजे. ज्या सीटीत कॉन्ट्रास्ट दिलेलंच नाही, म्हणजे मुतखड्यासाठी करतात ती साधी सीटी, तिच्यात तर अशी झिरपणारी गाठ सहज निसटते. आणि आपल्या भागात कंबर दुखली, लघवी लाल झाली की पहिली सीटी कोणती होते? मुतखड्याची.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

अमेरिकेतल्या पुस्तकात हा आजार वाचला की तो ओळखणं अवघड वाटत नाही. तरुण कृष्णवर्णीय मुलगा, सिकलसेल वाहक, लघवीतून रक्त, मध्यभागी झिरपलेली गाठ. तिथला रेडिओलॉजिस्ट नाव लिहून मोकळा होतो. पण हेच चित्र गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या बावीस वर्षांच्या पोराचं असेल तर? इथे मुतखडा घरोघरी आहे. लघवीचा जंतुसंसर्ग आहे. आणि इथे क्षयरोग आहे. मूत्रपिंडाचा क्षय नेमका हेच सोंग घेतो. क्षयानं कॅलिसेसच्या माना आवळल्या जातात आणि कॅलिसेस फुगतात, पेल्व्हिस आक्रसते. क्षयातही लसिकाग्रंथी सुजतात आणि त्यांचा मध्य सडतो. क्षयातही वजन घटतं, ताप येतो, लघवीत रक्त येतं. ही खूण मी मघाशी मोठ्या अभिमानानं सांगितली ना, कॅलिसेस फुगलेले आणि पेल्व्हिस नाही? ती आपल्या देशात क्षयाची खूण म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते, आणि तशी ती शिकवणं बरोबरच आहे, कारण शंभरातल्या बहुतेक वेळा ते क्षयच असतं. पण मग क्षयाची औषधं सुरू होतात आणि दोन महिने फरक पडतो का ते पाहिलं जातं. मेड्युलरी कार्सिनोमाच्या रुग्णाच्या आयुष्यातले ते दोन महिने काय किमतीचे असतात, हे तुम्हाला त्या पंधरा आठवड्यांवरून कळेल.

मग चित्रावरून भेद करायचा कसा? सरळ सांगतो: निव्वळ चित्रावरून पुष्कळदा करता येत नाही. कलेक्टिंग डक्टचा कॅन्सर, मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सर, लिम्फोमा, क्षय, जुनाट संसर्ग, हे सगळे मूत्रपिंडाच्या मध्यावर झिरपू शकतात. ज्या गोष्टीनं पारडं झुकतं ती चित्राच्या बाहेर असते. वय काय? आणि रक्ताचा पॅटर्न काय? दहा ते चाळीस या वयातला, मधोमध झिरपलेली गाठ असलेला, ‘एएस’ माणूस समोर असेल, तर मेड्युलरी कार्सिनोमा यादीच्या टोकाला जाऊन बसतो. यादीत वर बसला की पुढचं सगळं बदलतं. बायोप्सी महिन्यांनी न होता त्याच आठवड्यात होते, आणि पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर लिहून कळवता येतं की आयएनआय1चा, म्हणजे त्याच एसएमएआरसीबी1 जनुकाच्या प्रथिनाचा, रंग लावून पाहा. निरोगी पेशींचं केंद्रक त्यात तपकिरी होतं, या कॅन्सरच्या पेशींचं होत नाही. ही परीक्षा मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत उपलब्ध आहे. फक्त ती मागायची आठवण कुणाला तरी व्हावी लागते.

एक बारकावाही सांगण्यासारखा आहे. वाहकांना कॅन्सर नसतानाही लघवीतून रक्त जातं, हे मी सांगितलं. ते निरुपद्रवी रक्त पुष्कळदा डाव्या मूत्रपिंडातून येतं. डाव्या बाजूची शीर लांब असते, महाधमनी आणि आतड्याची धमनी यांच्या चिमट्यातून जाते, तिच्यात दाब जास्त. आणि हा कॅन्सर? तो तीन-चतुर्थांशाच्या आसपास रुग्णांत उजव्या मूत्रपिंडात आढळतो. उजव्या मूत्रपिंडाची धमनी लांब असते, तिच्याशी ह्यूस्टनच्या त्याच गटानं याचा संबंध जोडला आहे. यावरून डावीकडचं रक्त सोडून द्यावं असा अर्थ कुणी काढू नये. पण उजवीकडून रक्त येणारा तरुण वाहक दिसला की मला तरी खुर्चीत सावरून बसावंसं वाटतं.

आता तुम्ही विचाराल, विदर्भात, सातपुड्यात इतके वाहक, मग असे रुग्ण आपल्याकडे फारसे का दिसत नाहीत? जगभरातले बहुतेक नोंदलेले रुग्ण आफ्रिकी वंशाचे आहेत, भारतातून तुरळक नोंदी आहेत. याची खरी जैविक कारणं असू शकतात. आपल्याकडच्या पुष्कळ वाहकांत अल्फा थॅलेसेमियाही असतो, त्यामुळे त्यांच्या पेशींत ‘एस’चं प्रमाण आणखी कमी राहतं. ते मूत्रपिंडाला सांभाळून घेत असेल. पण दुसरं कारण मला तितकंच संभाव्य वाटतं. ज्या रुग्णाचं रक्त कुणी तपासलं नाही, ज्याची बायोप्सी झाली नाही, जो क्षयाच्या औषधांवर गावी परतला, तो कोणत्या नोंदीत येणार?

आणि रक्त तपासण्याचं काम तर आपल्याकडे कुठल्याही प्रगत देशाला हेवा वाटावा इतक्या मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. भारतात सिकलसेल पहिल्यांदा सापडला 1952 मध्ये, निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत त्यासाठी अनेक दशकं काम केलं. याच नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांना एकत्र आणलं, आणि ते त्यांच्यासाठी सरकारदरबारी भांडले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. वय पाहा: शून्य ते चाळीस. या कॅन्सरचं वय नेमकं त्याच्या आत बसतं. म्हणजे ज्या माहितीवाचून रेडिओलॉजिस्ट अडतो ती माहिती सरकार घरोघर जाऊन गोळा करतं आहे. ती तपासणी जोडीदार निवडताना विचार करता यावा म्हणून होते, पुढच्या पिढीसाठी होते. खुद्द वाहकासाठी तिचा काही उपयोग आहे, असं त्याला कुणी सांगतच नाही. ‘तुला काही झालेलं नाही’ एवढं सांगून कार्ड हातात दिलं जातं, आणि पुढे कधी दवाखान्यात गेला तर ते कार्ड न्यायचं असतं हे त्याला ठाऊकच नसतं.

बहुतेक वेळा आमच्याकडे सीटीची चिठ्ठी येते तिच्यावर दोनच शब्द असतात: ‘कमरेत दुखणं’. वय असतं, लिंग असतं. रक्ताचा पॅटर्न कुठेही नसतो. मी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या तरुणाला स्वतः विचारतो, ‘सिकलसेलची तपासणी झालीय का रे दादा?’ पुष्कळदा उत्तर असतं, ‘शाळेत रक्त घेतलं होतं, काय आलं ते माहीत नाही.’ म्हणजे उत्तर आहे, ते आरोग्य केंद्राच्या वहीत आहे, पण ते त्याच्यापाशी नाही आणि माझ्यापाशीही नाही.

निदान वेळेवर झालं तर काय साधतं, हाही प्रश्न रास्त आहे. खोटी आशा दाखवणार नाही. हा कॅन्सर आजही फार कडवा आहे, निदानानंतर रुग्ण सरासरी साधारण वर्षभर जगतात. पण 1995 च्या पंधरा आठवड्यांपेक्षा ही खूप मोठी मजल आहे, आणि मूत्रपिंडाबाहेर न पसरलेला कॅन्सर सापडला तर काहीजण वर्षानुवर्षं जगले आहेत. उपचारही वेगळे आहेत. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरला जी नवी लक्ष्यवेधी औषधं देतात ती इथे उपयोगी पडत नाहीत. इथे प्लॅटिनमवर आधारलेली केमोथेरपी लागते, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी जोडी, आणि पुष्कळदा ती शस्त्रक्रियेच्या आधी. म्हणजे नाव चुकलं की औषधही चुकतं.

म्हणून मागणं काय आहे ते नेमकं सांगतो. वाहकांनी दरवर्षी सोनोग्राफी करायची का? नाही, मुळीच गरज नाही. इतक्या विरळ आजारासाठी लाखो निरोगी माणसांना टेबलावर झोपवणं योग्य नाही, त्यातून भीतीच पिकेल. पण वाहकाच्या लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त आलं, किंवा एका कुशीत दुखणं हटेना, तर आरोग्य सेविकेनं, आशाताईंनी ‘सिकलमुळे होतं असं, थांबेल आपोआप’ म्हणून घरी पाठवू नये. सोनोग्राफी व्हावी, आणि तीत मूत्रपिंड वेगळं दिसलं तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी व्हावी, उशिराच्या टप्प्यासह. मूत्रपिंडाच्या क्षयाचे उपचार वाहकाला सुरू करताना लघवीत जंतू सापडले आहेत की नुसत्या चित्रावरून ठरवलंय, हे एकदा विचारलं जावं. आणि सोनोग्राफी असो, सीटी असो, विदर्भातल्या आणि नंदुरबार-धुळ्याच्या प्रत्येक केंद्रात तपासणीच्या अर्जावर वयाच्या शेजारी एक रकाना छापला जावा: सिकलसेल पॅटर्न. एए, एएस, एसएस, किंवा माहीत नाही. छापखान्याला याचा एक पैसाही जास्त पडत नाही. ‘माहीत नाही’ असं भरलं गेलं तर त्याच दिवशी रक्त घेता येतं. सोल्युबिलिटीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, पक्क्या निदानासाठी एचपीएलसी जिल्ह्याच्या ठिकाणी.

या सभागृहात शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, औषधाच्या दुकानांचे मालक आहेत. ज्या घरात तुमचा शब्द चालतो तिथे एवढं सांगा की हे कार्ड लग्नाच्या बोलणीपुरतं नाही. ताप येवो, पोट दुखो, कंबर धरो, दवाखान्यात जाताना ते बरोबर न्यायचं आणि डॉक्टरसमोर टेबलावर ठेवायचं, त्यांनी मागितलं नाही तरी.